मुठेलाचं मलम

ओवीचा खालचा ओठ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मधोमध फुटला. ओवी माझ्या मुलाची, रवींद्रची, एकुलती मुलगी. वय चौदा. आम्ही राहतो त्या परदेशातल्या पोरिरुआ शहरात वारा बारा महिने असतो आणि ओठ सगळ्यांचेच फुटतात, त्यामुळे एरवी कोणी लक्ष दिलं नसतं. पण ओवी कॉर्नेट वाजवते. कॉर्नेट म्हणजे तुतारीच्या जातीचं पितळी वाद्य, हातभर लांबीचं, वर तीन खटके असलेलं. त्याचा सूर ओठांतून निघतो. ओठ आवळून थरथरवावे लागतात. फुटलेल्या ओठाने सूर येत नाही, आला तर फाटका येतो.

पंचवीस एप्रिलला इथे ॲन्झॅक डे असतो. युद्धात मेलेल्यांसाठी माणसं पहाटे अंधारात स्मारकापाशी जमतात. एक जण निरोपाचा बिगुल, म्हणजे एक ठरलेली धून, वाजवतो, मग सगळे गप्प उभे राहतात. आमच्या भागातल्या स्मारकापाशी तो बिगुल यंदा मुलांच्या बँडमधून कोणीतरी वाजवायचा होता. दोन मुली होत्या, ओवी आणि टेसा. बँडच्या मास्तरांचं नाव हेमी. मुलं त्यांना मातुआ हेमी म्हणतात. मातुआ म्हणजे आपल्याकडे काका म्हणतो तसं. सोळा तारखेच्या गुरुवारी दोघींचं ऐकेन आणि एकीला सांगेन, असं त्यांनी जाहीर केलं होतं. ओवी वर्षभर त्याच चार ओळी वाजवत होती. घरात कुकरच्या शिट्टीबरोबर तो बिगुल आम्हाला पाठ झाला होता.

माझी सून नीता औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिने पहिल्याच दिवशी दुकानातून एक नळी आणली.

"इट बर्न्स, मम्मा," ओवी म्हणाली.

"चाटू नकोस, म्हणजे झोंबणार नाही."

"आय ॲम नॉट लिकिंग इट." हे सांगताना ती ओठ चाटतच होती.

दुसऱ्या दिवशी दुसरी नळी आली. ती झोंबत नव्हती, पण अर्ध्या तासात ओठ पुन्हा कोरडे. तिसऱ्या दिवशी भेगेला रक्त आलं. तेव्हा मी म्हटलं, घरात मुठेल आहे.

आमचं गाव गुहागरकडे. कोकमाचं सरबत करून झालं की बिया टाकत नाहीत. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तेल तरंगतं. ते काढून थोडं गार झालं की मुठीत दाबून गोळा करायचा. म्हणून मुठेल. अंड्याएवढा गोळा होतो, पांढुरका आणि मेणासारखा कडक. गेल्या खेपेला गावाहून येताना मी तीन गोळे आणले होते. विमानतळावर फॉर्मवर लिहून दिले होते. तिथल्या बाईने वास घेतला, नखाने कोरलं आणि साबण आहे का विचारलं. रवींद्र म्हणाला, तसंच काहीसं.

"आई, मुठेल टाचांना लावतात," नीता म्हणाली.

"टाच ओठापेक्षा जास्त फुटते. तिला गुण येतो तर याला का नाही?"

"नुसतं घासू नका मग. नीट मलम करा. भांडी उकळून घ्या. ओला चमचा घालू नका."

"पन्नास वर्षं लोणची घातली मी, नीता."

"लोणचं कोणी ओठाला लावत नाही, आई."

यावर रवींद्र हसला आणि दोघींनी त्याच्याकडे पाहिल्यावर उठून गेला.

शेजारच्या म्हाताऱ्याकडे मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. त्याने मेणाचा पिवळा तुकडा दिला. बदामाचं तेल घरात होतं. तूप मी परवाच कढवलं होतं. एका पातेल्यात पाणी तापत ठेवलं, त्यावर स्टीलची वाटी, आणि वाटीत आधी मेण, कारण ते सगळ्यांत उशिरा वितळतं. मग मुठेल. मग आच बंद करून तेल आणि चमचाभर तूप. पाण्याचा थेंब वाटीत गेला नाही. हे सगळं बरोबर झालं.

चुकलं ते पुढे. आमच्याकडे तूप रवाळ झालं तर बाईचं कौतुक होतं. तूप रवाळ व्हावं म्हणून ते हळूहळू निवू द्यायचं, झाकून, हलवायचं नाही. मी मलमाचंही तेच केलं. वाटी टॉवेलात गुंडाळून हॉट वॉटर सिलिंडरच्या, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या, उबदार कपाटात रात्रभर ठेवली. सकाळी पाहिलं तर सुंदर रवा धरला होता. मी नीताला दाखवलं. तिने मान हलवली, पण ती घाईत होती.

ओवीने दोन दिवस ते लावलं. तिसऱ्या दिवशी भेग लांब झाली होती.

"इट्स लाइक सँड, आजी," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. नुसतं सांगितलं.

मी माझ्या ओठाला लावून पाहिलं. मुठेल हळूहळू गोठून त्याचे बारीक कण झाले होते. तुपाचा रवा जिभेवर विरघळतो. हे कण विरघळेपर्यंत घासावे लागत होते, आणि ती घासत होती. म्हणजे भेग मीच वाढवली होती.

गुरुवारला सहा दिवस उरले होते. मी वाटी पुन्हा पाण्यावर ठेवली. सगळं वितळवलं, बदामाचं तेल दुपटीने वाढवलं, मेण जरा कमी पडेल असं वाटून चिमूटभर घातलं. पाक झाला का ते पाहतो तसा एक थेंब थंड चमच्यावर टाकला. बोट लावलं तर लगेच पसरला. मग मलम डबीत ओतलं आणि डबी तडक फ्रीजमध्ये ठेवली. भराभर गार झालं की कण धरत नाही, हे नीताने सांगितलं. "आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. ते खरं होतं.

हे मलम लोण्यासारखं झालं. ओठावर ठेवलं की आपोआप उतरायचं आणि बराच वेळ टिकायचं. दुसऱ्या दिवशी ओठाची सालं गेली. चौथ्या दिवशी भेग मिटली, फक्त एक लाल रेघ राहिली.

"आय स्मेल लाइक अ लाडू," ओवी म्हणाली.

"लाडवाने बिगुल वाजवला तर पेपरात येईल," रवींद्र म्हणाला.

"डॅड, डोन्ट."

एक गोष्ट ओवीने आम्हाला जेवताना सांगितली होती. वाजवण्याआधी ओठाला काहीही तेलकट चालत नाही, मातुआ हेमींचा तसा नियम आहे. ओठ घसरतो आणि वरचे सूर निसटतात. म्हणून ती रात्री मलम लावायची आणि सकाळी साबणाने धुवायची. हे मी ऐकलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी नीता गाडी काढायला गेली. ओवी दारात उभी होती, हातात कॉर्नेटची पेटी. दार उघडलं तसा वारा आत आला. आमच्याकडे कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवतात. ओवी दह्याला तोंड लावत नाही. मला वाटलं, रिकामी कशी पाठवायची? डबी तिथेच कट्ट्यावर होती. मी अंगठ्यावर मलम घेतलं आणि तिच्या ओठाला लावलं. थोडं नाही, भरपूर लावलं.

ती हनुवटी वर करून उभी राहिली. नको म्हणाली नाही. निघताना घरच्या मोठ्या माणसाने काही दिलं, कपाळाला काही लावलं, तर ते नाकारायचं नाही आणि पुसायचं नाही, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. तिने वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसली.

दोन तासांनी दोघी आल्या. ओवी सरळ खोलीत गेली. नीताने किल्ल्या ठेवल्या, चहाचं पाणी ठेवलं आणि मग विचारलं, "आई, निघताना तुम्ही तिला मलम लावलंत का?"

"लावलं."

"गाडीत तिने पुसलं नाही. मी म्हटलं पूस, तर म्हणाली, आजीने लावलंय. हॉलमध्ये शिरल्यावर टिश्यूने पुसत होती. जात नव्हतं."

"मेण आहे त्यात. टिश्यूने जाणार नाही."

"वरचा सूर दोनदा घसरला. टेसाचा नाही घसरला."

नीता रागावली नव्हती. रागावली असती तर बोलायला काहीतरी झालं असतं. चहा पिऊन ती कपडे वाळत घालायला गेली, आणि मी डबीचं झाकण लावलं.

ओवी पुढचे चार दिवस नेहमीसारखी वागली. जेवली, शाळेचं केलं. कॉर्नेटची पेटी मात्र तिने उघडली नाही. ओठ आता छान बरा होता. मंगळवारी सरावाचा दिवस होता. ती जाते की नाही असं वाटत होतं, पण पाच वाजता ती पेटी घेऊन बाहेर आली.

"मीही येते," मी म्हटलं.

"व्हाय?"

"मला तुझ्या मास्तरांशी बोलायचंय."

"आजी, नो."

"तू माझं इंग्रजीत सांगायचं. बाकी काही नाही."

नीताने गाडीच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

बँडचा हॉल म्हणजे एक लांबट लाकडी खोली आहे. भिंतीवर जुन्या बँडचे फोटो, कोपऱ्यात ओल्या रेनकोटांचा ढीग. मातुआ हेमी खुर्च्या मांडत होते. साठीचे असतील, दणकट, पायात त्या थंडीतही जांडल, म्हणजे रबरी चपला. त्यांनी मला पाहून खुर्ची पुढे केली.

"किया ओरा. व्हॉट डू आय कॉल युअर नॅन?" त्यांनी ओवीला विचारलं.

"आजी."

"किया ओरा, आजी."

मीही उलट नमस्कार केला आणि ओवीला म्हटलं, "त्यांना सांग, गुरुवारी निघताना मी तुझ्या ओठाला मलम लावलं. तू नियम पाळत होतीस. मी मोठी म्हणून तू नको म्हणाली नाहीस. घसरलं ते त्यामुळे. दोष तुझा नाही."

ओवी जमिनीकडे बघत म्हणाली, "शी सेज हाय."

मी सहा वर्षं या देशात आहे. एवढं मला समजतं.

"ओवी, नीट सांग."

"शी सेज इट वॉज विंडी ऑन थर्सडे."

मातुआ हेमींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती मला वाचवत होती की स्वतःची लाज, ते मला कळलं नाही. कदाचित दोन्ही. मी पिशवीतून डबी काढली, झाकण उघडलं, अंगठा बुडवला आणि माझ्याच ओठाला फासला. मग म्हटलं, "आय पुट. ओवी नो पुट. माय मिस्टेक."

खुर्च्या मांडणाऱ्या दोन मुली थांबून बघू लागल्या. ओवीचे कान लाल झाले.

मातुआ हेमींनी डबी मागून घेतली. वास घेतला. थोडं हाताच्या पाठीवर चोळलं आणि यात काय आहे ते ओवीला विचारलं. कोकमाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आठवेना. ती म्हणाली, एका आंबट फळाच्या बीचं तेल आहे, आणि शेजाऱ्याचं मेण, आणि तूप. ते हसले. त्यांची आई कावाकावा नावाच्या झाडाची पानं तेलात मुरवून असंच मलम करायची, मेणही असंच घालायची. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दारात पकडून लावायची. त्यांचा धाकटा भाऊ रग्बीला जाताना लावून घ्यायचा आणि मग त्याच्या हातातून चेंडू सुटायचा. हे ओवीने मला मराठीत सांगितलं, तुटक तुटक, पण काही न गाळता.

मग ते गंभीर झाले. टेसाला सांगून झालं होतं. तिच्या घरचे लोक ते ऐकायला लांबून, हॅमिल्टनहून, येणार होते. दिलेलं काढून घेता येणार नाही, असं ते म्हणाले.

"काढून घ्या असं मी म्हणतच नाही," मी ओवीला म्हटलं. "त्यांना माहीत असावं एवढंच. सांग."

या वेळी तिने जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरा चढला.

त्यांनी डबीचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग ओवीला म्हणाले की निरोपाच्या बिगुलानंतर शांतता असते, आणि शांतता संपली की दुसरा बिगुल असतो, उठवण्याचा. तेव्हा अर्ध्यावर उतरवलेला झेंडा वर चढवतात. तो लहान आहे. आजवर ते स्वतःच वाजवत आले. तिने वाजवावा.

"यू ओके विथ दॅट?"

तो बिगुल लहान होता आणि लोकांच्या लक्षात पहिलाच राहतो, हे ओवीला माहीत होतं.

"स्वीट ॲज," ती म्हणाली. म्हणजे चालेल.

परत येताना गाडीत ती मागे माझ्या शेजारी बसली.

"यू डिडन्ट हॅव टू, आजी."

"माहीत आहे."

"एव्हरीवन वॉज लुकिंग."

"बघू देत. माझ्या ओठाला किती लावलं होतं पाहिलंस ना? मला पाणीसुद्धा पिता आलं नसतं."

तिला हसू आलं, पण तिने ते खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं. सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "टेसाज लिप्स आर वर्स दॅन माइन. कॅन यू मेक हर वन?"

"ती तुझ्या जागी उभी राहणार आहे."

"आजी."

पुढून नीता म्हणाली, "करा ना, आई. शनिवारला वेळ आहे अजून."

मला ते पटलं नव्हतं. तरी रात्रीचं जेवण उरकायच्या आत केलं. तिसऱ्यांदा हात बसला होता, चमच्यावर थेंब टाकून बघायचीही गरज पडली नाही. ओवीने डबीवर कागद चिकटवून इंग्रजीत लिहिलं, रात्री लावायचं, सकाळी साबणाने धुवायचं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, वाजवण्याआधी नाही. ते तिने लिहिताना माझ्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी, पंचवीस तारखेला, पहाटे पाचला आम्ही उठलो. ओवीने तोंड धुतलं, बँडचा काळा कोट घातला. दारात ती पेटी घेऊन उभी राहिली, नमस्काराला वाकली. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले होते. आशीर्वाद तोंडाने दिला.

स्मारकापाशी दोनतीनशे माणसं होती. काहींच्या छातीवर वाडवडिलांची पदकं. समुद्रावरून वारा येत होता. एका दिव्याच्या उजेडात बँड उभा होता, आणि त्याच्या पुढे दोन मुली. भाषणं झाली, प्रार्थना झाली, मग टेसाने कॉर्नेट उचललं. तिने चांगलं वाजवलं. एकही सूर हलला नाही. तिच्या घरचे असावेत ते लोक डोळे पुसत होते.

मग शांतता. मिनिटभर म्हणतात, पण त्याहून जास्त होती. मी स्मारकाकडे पाहत नव्हते, ओवीच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ उघडे होते आणि वारा थेट त्यांच्यावर येत होता. तिने कॉर्नेटचं फुंकायचं तोंड तळहाताखाली धरून ठेवलं होतं, धातू गार पडू नये म्हणून. ओठ सुकले की माणूस चाटतोच, लहानपणापासून तिला ती सवय आहे. तिने चाटले नाहीत. जबडा मात्र आवळला होता. रवींद्र माझ्या शेजारी उभा राहून श्वास मोजत होता, मला ऐकू येत होतं.

मातुआ हेमींनी बोट वर केलं. ओवीने कॉर्नेट ओठाला लावलं. पहिला सूर एक क्षण उशिरा आला, पण आला तो स्वच्छ आला. झेंड्याच्या दोरीपाशी एक फार म्हातारे गृहस्थ होते, पदकांच्या तीन रांगा असलेले. ते दोन्ही हातांनी दोरी ओढू लागले. वाऱ्याने झेंडा काठीला गुंडाळला जात होता आणि ते थांबून थांबून ओढत होते. कोणी मदतीला पुढे झालं नाही. ते काम त्यांचंच होतं.

बिगुल लहानच होता. ओवी शेवटच्या सुरापाशी आली तेव्हा झेंडा टोकापासून हातभर खाली होता. तिने डोळे वर केले आणि सूर सोडला नाही. मातुआ हेमींचं बोट खाली आलं होतं. त्यांनी ते पुन्हा वर केलं. म्हाताऱ्याने एकदा ओढलं, मग श्वास घेऊन आणखी एकदा ओढलं. सूर जरा बारीक झाला, पण तुटला नाही.

झेंडा टोकाला टेकला तेव्हा तिने कॉर्नेट खाली घेतलं.